छळल्या जाणाऱ्या कलावंताला आसरा कोणाचा?

लातूरच्या गांधी चौक पोलीस ठाण्यात १९९५ साली एका कवितेवरून गुन्हा नोंदला गेला. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही ती कविता. बँक कर्मचारी संघटनेच्या ‘बुलेटिन’ या केवळ सभासदांसाठी निघणाऱ्या पत्रिकेने जुलै-ऑगस्ट १९९४ च्या अंकात ती छापली होती. तक्रारदार पुण्याचा, कवी मुंबईचा आणि खटला लातूरला, असा हा प्रकार होता. समाजात तेढ पसरविल्याच्या आरोपातून लातूरच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी २००१ मध्ये आरोपींना मुक्त केले. परंतु अश्लीलतेचे कलम २९२ कायम राहिले. उच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. अखेर १४ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. प्रकाशक देवीदास तुळजापूरकर यांनी पुढच्याच अंकात बिनशर्त माफी मागितली होती आणि मध्यंतरी दोन दशके उलटली होती, हे लक्षात घेऊन त्यांच्यावरील व मुद्रकावरील आरोप रद्द झाले. कवीने मात्र खटल्याला सामोरे जावे, असे ठरले.

या निकालाच्या कायदेशीर बाजूचा खल पुष्कळ झाला आहे. चळवळीतील माणसांनी विचार करावा असा प्रश्न निराळा आहे. कविता छापली गेल्यापासून या निकालापर्यंत एकवीस वर्षे गेली, आणि तरीही कवीपुरता खटला सुरूच व्हावयाचा होता. एवढ्या काळात कोणत्याही आरोपीला वकिलाची फी, प्रवासखर्च, बुडालेली रजा आणि घरच्यांची चिंता यांचा भार वाहावाच लागतो. दोष सिद्ध होवो वा न होवो, हा दंड तारखेगणिक वसूल होत राहतो आणि निर्दोष सुटणाऱ्याला तो कोणी परत करीत नाही. लिहिण्याची किंमत इतकी वाढवून ठेवली की शासनाला बंदीचा हुकूम काढण्याचीही गरज उरत नाही. तालुक्याच्या गावी नियतकालिक काढणारा संपादक आणि त्याचा मुद्रक छपाईपूर्वीच हा हिशेब मांडतात आणि हस्तलिखित साभार परत जाते. अशा न छापलेल्या कवितांची नोंद कोणत्याही पोलीस ठाण्यात होत नाही.

न्यायालयात जिंकूनही आसरा मिळतोच असे नाही. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांच्याविरुद्धचे खटले दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये रद्दबातल ठरविले. पण २००६ मध्ये देशाबाहेर गेलेला हा वृद्ध कलावंत परतला नाही. २०११ मध्ये लंडनला त्याचा अंत झाला. हुसेन यांच्याजवळ कीर्ती होती, पैसा होता, परदेशात मित्र होते. कबीर कला मंचाच्या शाहिरांजवळ यांतले काय होते? सागर गोरखे व रमेश गायचोर यांना २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन देईपर्यंत तुरुंगात राहावे लागले आणि २०२० मध्ये दुसऱ्या प्रकरणात त्यांना पुन्हा अटक झाली. शाहिराचे गाणे चौकात व्हावयाचे असते. तो आत गेला की कला थांबते आणि चूलही थांबते.

जगात या प्रश्नाचा विचार झालेला आहे. अल्जीरियात १९९३ मध्ये ताहर जाऊत या लेखकाची हत्या झाल्यानंतर लेखकांच्या आंतरराष्ट्रीय संसदेने ‘आश्रयनगरां’ची कल्पना पुढे आणली. २००६ पासून नॉर्वेतील स्टाव्हांगर येथून तिचे नवे जाळे चालते आणि सत्तरहून अधिक शहरे त्यात सामील झाली आहेत. नगरपालिका लेखकाला घर देते, साधारण दोन वर्षे निर्वाहवेतन देते आणि काय लिहावे हे त्याला सांगत नाही. ही व्यवस्था मोलाची आहे, यात शंका नाही. पण मराठी शाहिराला स्टाव्हांगरमध्ये श्रोता कोठून मिळणार? ज्याची कला बोलीवर आणि समोर बसलेल्या माणसांवर जगते, त्याचे आश्रयनगर त्याच्याच भाषेच्या मुलखात असावे लागते.

मराठवाड्याला हे नव्याने शिकविण्याची गरज नाही. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये ‘मराठवाडा’ हे पत्र सुरू केले ते निजामी हद्दीबाहेर, पुण्यातून. बंदी आली की नाव बदलून ते पुन्हा निघे. १९४७-४८ च्या मुक्तिलढ्यात सरहद्दीपलीकडील शिबिरांनी येथील कार्यकर्त्यांना जागा दिली, भाकरी दिली. ज्या प्रदेशाचा शब्द कधीकाळी दुसऱ्यांच्या ओसरीवर जगला, त्या प्रदेशाने आता स्वतःची ओसरी मोकळी करणे हे उपकार नव्हे, ऋणफेड आहे.

पैसा कोठून आणावयाचा, हा पुढचा प्रश्न. महाराष्ट्र शासन वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देते, म्हणजे कलावंताचे दारिद्र्य शासनाला मान्य आहे. परंतु जेथे फिर्यादी बहुधा शासनच असते, तेथे आरोपीच्या निर्वाहाची जबाबदारी त्याच शासनावर सोपविणे भाबडेपणाचे ठरेल. परदेशी निधी आला की कलावंतावर आणखी एक संशय लादला जातो. उरतो तो वर्गणीचा जुना मार्ग. बँक कर्मचारी, शिक्षक, एसटी कामगार यांच्या संघटनांनी सभासदामागे वर्षाला दहा रुपये बाजूला काढले, तर दहा हजार सभासदांमागे एक लाख रुपये उभे राहतात. तेवढ्यात दूरच्या कोर्टातील तारखांचा प्रवासखर्च निघतो आणि एखाद्या कुटुंबाचे काही महिन्यांचे धान्य भरता येते. लातूर-नांदेडच्या वकिलांपैकी काहींनी विनामूल्य काम करण्याचे मान्य करावे. ग्रंथालये, वसतिगृहे, महाविद्यालये यांनी एकेक खोली राखून ठेवावी. नरहर कुरुंदकर ज्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य होते, त्या नांदेडला अशी खोली मागण्याचा अधिकार कोणाही लेखकाला असला पाहिजे.

मात्र खरी कसोटी पैशाची नाही. ‘गांधी मला भेटला’ ही कविता समाजवादी घरांतही अनेकांना खुपली असेल. गांधींच्या नावाने सत्याग्रह केलेल्या कार्यकर्त्याला ती खुपावी, यात आश्चर्य नाही. पण आपल्या आवडत्या कवीला आसरा देणे हा पाहुणचार झाला. तो कोणताही पक्ष करतो. जो आपल्या दैवतांविषयी वाकडे बोलला आणि ज्याने माफी मागितली नाही, त्याच्यासाठी वर्गणी मागावयास कार्यकर्ता दारोदार जातो की नाही, यावर चळवळीचे मोल ठरेल. कवितेवर कठोर टीका करावी, तिच्याविरुद्ध सभा घ्यावी, लेख लिहावेत. आणि त्याच कवीची कोर्टात तारीख असेल तेव्हा त्याला घ्यावयास लातूरच्या स्थानकावर जावे. ही दोन्ही कामे एकच माणूस करू शकतो. तो करू शकत नसेल, तर स्वातंत्र्याविषयीच्या ठरावांना निव्वळ कागदाची किंमत उरते.