कृपेनंतरची चाळीस वर्षे

‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत लिहिणारा जॉन न्यूटन गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांवर होता. १७४८ मध्ये अटलांटिकवरच्या वादळात त्याने देवाचा धावा केला, तो वाचला आणि बदलला, अशी त्याची गोष्ट प्रवचनांतून सांगतात. ती अर्धीच आहे. त्या वादळानंतरच तो अशा जहाजांचा कप्तान झाला. डिसेंबर १७५२ मध्ये गुलामांच्या बंडाचा सुगावा लागला, तेव्हा जहाजावरच्या मुलांना बेड्या घालून आणि त्यांचे अंगठे लोखंडी चापात आवळून त्याने माहिती काढली. ही नोंद त्याच्याच रोजनिशीत आहे. कट वेळीच उघडकीस आला याचे श्रेय तो त्याच नोंदीत ईश्वराला देतो. १७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला तो आजारपणामुळे. पश्चात्तापाचा त्यात भाग नव्हता. १७६४ साली तो पाळक झाला आणि त्याचे आत्मचरित्रही आले. त्यात तो स्वतःला घोर पापी म्हणवतो, पण गुलामांच्या व्यापाराला पाप म्हणत नाही. १७७३ च्या नववर्षाच्या उपासनेसाठी लिहिलेल्या त्या गीतातही पापी आहे, पापाचे नाव मात्र नाही.

‘मी पापी आहे’ हे वाक्य म्हणायला काहीच किंमत मोजावी लागत नाही. सगळेच पापी असल्यावर कुणी एक जबाबदार राहत नाही. खरी कबुली अमुक कृत्याची असते, आणि ते कृत्य ज्याने सोसले त्याच्यापर्यंत ती पोहोचावी लागते. न्यूटनची अशी कबुली १७८८ मध्ये आली. गुलामांच्या व्यापारावर लिहिलेल्या पुस्तिकेत त्याने आपला सहभाग जाहीरपणे मान्य केला, कबुलीला फार उशीर झाल्याचेही मान्य केले, आणि दोघादोघांना एकत्र साखळ्यांत जखडून माणसे कशी नेली जात ते सांगितले. पुढे पार्लमेंटच्या समितीपुढे साक्षही दिली. कृपेवर, म्हणजे देवाच्या विनामोल क्षमेवर, त्याचा विश्वास होता म्हणूनच हे त्याला जमले, असे मला ठामपणे वाटते. देवाने आपल्याला टाकलेले नाही, ही खात्री असलेला माणूस लोकांतली अब्रू पणाला लावू शकतो.

कृपा अशी फुकट मिळत असेल तर पापाची भीड कशाला, हा आक्षेप पौलाच्या रोमकरांस पत्राइतका जुना आहे. त्याचे उत्तर मला बायबलमधल्या जक्कयाच्या गोष्टीत दिसते. येशू त्याच्या घरी गेला तो आधी हिशेब मागून नव्हे. पण त्या भेटीतच जकातदार जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. कृपेने हिशेब मिटला नाही, तो उघड झाला. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: न्यूटनने ज्यांना विकले त्यांना चाळीस वर्षांनंतरच्या कबुलीचा काय उपयोग? काहीच नाही, आणि हे मान्य करायलाच हवे. त्यांची भरपाई कधी झाली नाही. तरीही खुद्द कप्तानाची साक्ष व्यापाराच्या समर्थकांना सहज खोडता येण्यासारखी नव्हती, आणि १८०७ मध्ये ब्रिटनमध्ये त्या व्यापारावर बंदी आली.

आपल्याकडे नेमक्या कृत्याच्या कबुलीचा हा प्रश्न जातीच्या रूपाने उभा आहे. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमध्येही जातिभेद पाळला जातो हे मान्य केले. ते मोठे पाऊल होते. पण तमिळनाडूत दलित ख्रिस्तींसाठी वेगळ्या दफनभूमी आणि मध्ये भिंत, असेही पाहायला मिळाले आहे, आणि सर्वसाधारण कबुलीने भिंत पडत नाही. ज्या धर्मप्रांतांत अशी भिंत अजून उभी आहे, तिथल्या बिशपांनी त्या दफनभूमीचे नाव उपासनेत घ्यावे, ज्यांचे आप्त भिंतीपलीकडे पुरले गेले त्यांची क्षमा मागावी आणि भिंत पाडण्याची तारीख तिथेच जाहीर करावी.