नियम भिंतीवर, कारण कोठे?

जालना मार्गाने शहराच्या पूर्वेस निघाले की शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. २००१ साली येथे स्कोडा मोटारींची जुळणी सुरू झाली. पुढे शेंद्रा आणि बिडकीन ही दोन्ही ठिकाणे दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेच्या योजनेत आली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ‘ऑरिक’ नगरीच्या प्रशासकीय इमारतीचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. मराठवाड्याच्या वाट्यास उशिरा का होईना, आधुनिक उद्योग आला याचा आनंद कोणासही व्हावा. परंतु ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजच्या एका हातमोज्यांच्या कारखान्यास आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार प्राणांस मुकले. नोव्हेंबर २०२४ मध्ये खुद्द शेंद्र्यातील एका कारखान्यात मक्याची साठवण टाकी कोसळून चार कामगारांचा बळी गेला. अशा प्रसंगानंतर नियम पाळले गेले होते काय, अशी विचारणा ठरल्याप्रमाणे होते. तो नियम कशासाठी होता हे तेथे काम करणाऱ्यांपैकी कितीजणांस ठाऊक होते, ही विचारणा मात्र कोणी करीत नाही. वस्तुतः पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा या दुसऱ्या प्रश्नातच दडलेले असते.

नियम आपल्या ग्रामीण समाजास नवे नाहीत. पूर्वी धान्य पेवात साठवीत. पेव उघडताच कोणी आत उतरत नसे. तोंड काही काळ उघडे ठेवीत, मग पेटता कंदील दोराने आत सोडीत. तो विझला तर उतरणे वर्ज्य. याची पाटी कोठे लावलेली नव्हती. बंद पेवातील धान्यामुळे प्राणवायू सरतो, घातक हवा साचते आणि माणूस गुदमरतो, हे घरातील पोरासही ऐकून माहीत असे. कारण ठाऊक होते, म्हणून नियम टिकला.

आता त्याच घरातील तरुण शेंद्र्यात कंत्राटी कामावर येतो आणि त्यास रसायनाची टाकी साफ करण्यास सांगितले जाते. त्याने पेवाचा नियम तेवढा सोबत आणला आणि ज्वालाग्राही वाफ असलेल्या टाकीत पेटता दिवा सोडला, तर स्फोट होईल! जो नियम पेवात प्राण वाचवितो तोच येथे प्राण घेईल. आतील हवा आधी पारखली पाहिजे, हे ज्यास उमगले आहे तो दिव्याऐवजी वायुमापक मागेल. ज्यास केवळ आज्ञा ठाऊक आहे, त्यास परिस्थिती बदलल्याचे कळणार कसे?

१९४८ च्या कारखाना अधिनियमात अशा टाक्यांविषयी तपशीलवार तरतुदी होत्या. आत २४ व्होल्टहून अधिक दाबाचा हातदिवा वापरावयाचा नाही, कारण ओल्या धातूच्या टाकीत विजेचा साधा धक्काही जीवघेणा ठरू शकतो. उतरणाऱ्याच्या कमरेस पट्टा व दोर बांधावा आणि दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असावे, कारण बेशुद्ध पडलेल्यास ओढून काढावयाचे असते. विहिरीत वा मैलाटाकीत पहिला माणूस पडला की त्यास वाचविण्यास दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि तिघेही जातात. दोर धरणाऱ्यास हे समजावून सांगितलेले नसेल, तर तो दोर खुंटीस अडकवून चहास जाईल आणि परवान्याच्या कागदावर सही मात्र बिनचूक असेल.

कायद्यासही ही गोष्ट उशिरा उमगली. अधिनियमाचा गोषवारा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांस समजेल अशा भाषेत लावावा, एवढे बंधन आरंभापासून होते. आपल्या आरोग्यास व सुरक्षिततेस असलेल्या धोक्याची माहिती मागण्याचा हक्क कामगारास मिळाला तो १९८७ च्या दुरुस्तीने, म्हणजे १९८४ साली भोपाळमध्ये हजारोंचा बळी गेल्यानंतर. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार श्रमसंहिता अंमलात आल्या आणि जुन्या अधिनियमाची जागा नव्या संहितेने घेतली. तिच्यातही हा हक्क कायम आहे. परंतु चार-सहा महिन्यांसाठी कंत्राटदारामार्फत आलेला, कधी परप्रांतीय असलेला कामगार हा हक्क बजावील कसा? ‘हे असे का?’ म्हणून विचारणारा माणूस आपल्याकडे उद्धट ठरतो आणि पुढच्या कंत्राटात त्याचे नाव नसते.

यावर व्यवस्थापकांचे म्हणणे असे की, प्रत्येक गोष्टीचे कारण सांगत बसल्यास उत्पादन व्हावयाचे कधी? शिस्तीत प्रश्नांस जागा नसते. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. धोक्याची घंटा वाजल्यावर वाद घालावयाचा नसतो, आधी बाहेर पडावयाचे असते. पण म्हणूनच कारण आधी, निवांतपणी सांगितलेले असावे लागते. शिवाय प्रत्येक कारखान्यात असेही काही नियम असतात की, त्यांचे कारण आज ते करणाऱ्यांसही सांगता येणार नाही. एकच नोंद तीन वह्यांत करावयाची, कारण कधीकाळी कोणा साहेबाने तसे फर्माविले होते! असा निरर्थक नियम आणि प्राणरक्षक नियम एकाच फळ्यावर शेजारी लागले की कामगार दोहोंस एकाच मापाने मोजतो. एक मोडूनही काही बिघडत नाही, हे पाहिल्यावर दुसराही मोडला जातो.

तेव्हा उपाय खर्चिक नाही. प्रत्येक नियमाखाली त्याचे कारण एका ओळीत, मराठीत आणि गरजेप्रमाणे हिंदीत लिहावे. कंत्राटी कामगारास पहिल्याच दिवशी, हत्यार हाती देण्यापूर्वी, ते समजावून द्यावे आणि त्याच्याकडून वदवून घ्यावे. सुरक्षा समितीने वर्षातून एकदा सारी यादी तपासावी. ज्याचे कारण कोणास सांगता येत नाही तो नियम काढून टाकावा आणि ज्याचे सांगता येते त्याबाबत कोणाचीही गय करू नये. ज्या मातीत अशिक्षित शेतकऱ्याने पेवाचा नियम कारणासकट मुलाच्या हाती दिला, तेथे उभ्या राहिलेल्या कारखान्यांस हे अवघड वाटावे, यास कोणतेही समर्थन असू शकत नाही.