रकान्यात न मावणारा शेतकरी

धाराशिव जिल्ह्याची चर्चा बाहेर होते ती बहुधा दोन कारणांनी : तुळजाभवानीचा नवरात्रोत्सव आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या. पहिल्याविषयी समाज स्वतः बोलतो. दुसऱ्याविषयी समाजाच्या वतीने आकडे बोलतात. हे आकडे कोण आणि कसे जमवतो, हा केवळ विद्यापीठीय पंडितांचा प्रश्न नव्हे. त्याच्या उत्तरावर एखाद्या विधवेच्या घरची चूल अवलंबून असते.

सरकारी नोंदींवर उभे राहिलेले शास्त्र जुने आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्केम यांनी १८९७ साली आत्महत्येवरचा आपला ग्रंथ अशाच नोंदींच्या आधारे सिद्ध केला. आत्महत्या ही केवळ व्यक्तीची नव्हे, समाजाचीही घटना आहे, हे त्यांनी दाखवून दिले. नोंदींचे हे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु नोंद करणारा हात कोणाचा? शेतात राबणारी स्त्री मृत्यूनंतर कागदावर ‘गृहिणी’ ठरते. बटाईने कसणाऱ्या भूमिहीनाच्या नावे सातबारा नसतो, म्हणून शासकीय मदतीच्या निकषांत तो ‘अपात्र’ ठरतो. संशोधक मग हीच यादी उचलून ‘शेतकरी का मरतो’ याचे उत्तर शोधू लागतो. गाळलेली माणसे निष्कर्षात कोठून येणार?

प्रश्नावली हजारो घरांपर्यंत पोहोचते आणि तुलना शक्य करते. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या २००६ च्या अभ्यासात वर्धा, वाशीम आणि यवतमाळ जिल्ह्यांतील १११ आत्महत्याग्रस्त कुटुंबांसमोर अन्य १०६ कुटुंबे तुलनेसाठी घेतली होती. ही रीत मोलाची आहे. कर्ज तर दोन्ही घरांत असते. मग एकाच घरात अनर्थ का, हे तुलनेविना कळत नाही. पण प्रश्नावलीला तिने विचारले तेवढेच ऐकू येते. मदत कर्जाच्या नोंदीवर ठरते हे ठाऊक असलेले घर कर्जाविषयी बोलेल. मुलीच्या लग्नाची चिंता, मोडलेली सोयरीक, व्यसन यांविषयी बोलेल काय?

म्हणूनच उंबरठा ओलांडून घरात बसावे लागते. मुंबई उच्च न्यायालयासाठी २००५ साली शेतकरी आत्महत्यांच्या कारणांचा अहवाल तयार झाला, तो टाटा समाजविज्ञान संस्थेच्या तुळजापूर येथील ग्रामीण केंद्रातून. केंद्र याच मातीत होते, हे महत्त्वाचे. म्हैसूर भागातील एका खेड्यात १९४८ साली मुक्काम करून एम. एन. श्रीनिवास यांनी जे पाहिले, ते कोणत्याही तक्त्याला दिसले नसते. आपल्याकडे त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) याच जातीचा ग्रंथ.

तथापि एका गावाचे सत्य सर्व जिल्ह्याचे सत्य नव्हे. ‘आम्हाला गाव ठाऊक आहे’ असे छातीठोकपणे सांगणारा कार्यकर्ता आणि मुंबईत बसून तक्ते भरणारा अभ्यासक, दोघेही अर्धेच पाहतात. कार्यकर्त्याला ओळखीचीच घरे दिसतात. अभ्यासकाला घरेच दिसत नाहीत. गावातलीच आशा कार्यकर्ती मनाची अवस्था विचारते तेव्हा विश्वास असतो, तसाच संकोचही; कारण ती उद्याही त्याच आळीत भेटणार असते.

तेव्हा क्रम बदलला पाहिजे. आधी मुक्काम, मग प्रश्न. आधी गावाची भाषा, मग रकाने. यादीत नसलेली घरे शोधून काढावीत, न मोडलेल्या घरांशी तुलना करावी आणि निष्कर्ष छापण्यापूर्वी, कोणाचे नाव न घेता, ग्रामसभेत वाचून दाखवावा. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना ते खोडून काढण्याचा अधिकार असलाच पाहिजे. जिल्ह्यातील महाविद्यालयांना आणि समाजकार्यात असलेल्या तरुणांना हे काम अशक्य नाही.

निदान चुकले तर औषधही चुकते. येथे त्या चुकीची किंमत संशोधक मोजत नाही, शेतकऱ्याचे घर मोजते.