संगणकाची परिभाषा आणि मुख्यार्थबाध

बत्तीस शिराळ्याचे नाव नागपंचमीमुळे सर्वत्र परिचित आहे. येथील मुलाला 'पायथन' शिकायचे आहे असे सांगितले, तर त्याच्या डोळ्यांपुढे अजगर उभा राहणे स्वाभाविकच होय. प्रत्यक्षात 1991 मध्ये गिडो व्हान रोसम यांनी प्रसिद्ध केलेल्या या संगणकभाषेचे नाव 'मॉन्टी पायथन'च्या ब्रिटिश विनोदी मालिकेवरून आले आहे. या गैरसमजाने काही बिघडत नाही. पुढे भेटणाऱ्या शब्दांचे मात्र तसे नाही.

'फंक्शन' म्हणजे समारंभ, 'रिटर्न' म्हणजे परतीचे तिकीट, 'क्लास' म्हणजे शिकवणी, 'आर्ग्युमेंट' म्हणजे वादावादी. हे शब्द मराठी मुलाला अपरिचित नाहीत. ते वेगळ्याच अर्थाने परिचित आहेत आणि अडचण नेमकी तीच आहे. अनोळखी शब्दाचा अर्थ माणूस विचारतो, ओळखीच्या शब्दाचा विचारत नाही.

मराठी प्रतिशब्दांनी हा प्रश्न सुटेल काय? अंशतःच. दहावीत 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' सोडवलेल्या विद्यार्थ्याला 'व्हेरिएबल'पेक्षा 'चल' जवळचा वाटेल. परंतु 'क्ष = क्ष + 1' हे बीजगणितात अशक्य, तर आज्ञावलीत नित्याचे. तेथे ते चिन्ह समानता सांगत नाही. उजवीकडील किंमत डावीकडच्या नावाखाली ठेवण्याची आज्ञा देते. समानता तपासायची तर पायथनमध्ये तेच चिन्ह दोनदा लिहावे लागते. म्हणजे शब्द मराठी असला तरी जुना अर्थ आडवा येतोच. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांचे मोल मोठे आहे. पण कोश प्रतिशब्द देतो, जुन्या अर्थाकडून नव्या अर्थाकडे नेण्याचे काम शिक्षकाचेच.

आपल्या काव्यशास्त्राला हे कोडे नवे नाही. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त लक्षणेसाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या: मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. संगणकाची परिभाषा ही बव्हंशी रूढ झालेली लक्षणाच आहे. 'स्ट्रिंग'चा दोरा हा अर्थ बाधित होतो. तरी दोऱ्यात मणी ओवावेत तशी अक्षरे एकापुढे एक ओवलेली असतात, हा संबंध उरतो. संगणकाच्या वर्गात मात्र पुष्कळदा बाध व संबंध गाळून एकदम रूढार्थच सांगितला जातो. मग व्याख्या पाठ होते, कल्पना कळत नाही आणि मुलगा 'आपल्याला कॉम्प्युटर जमत नाही' असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. दोष शब्दाच्या ओळखीत असतो. तो स्वतःच्या बुद्धीला लावून घेतो.

शब्दशक्तींचे प्रकरण आपण मराठीचे शिक्षक वर्षानुवर्षे परीक्षेपुरते शिकवीत आलो आहोत. त्यातील एक तास शेजारच्या संगणकाच्या वर्गाला द्यावा, 'येथे तुझा नेहमीचा अर्थ चालणार नाही, आणि का चालणार नाही ते पाहू' एवढेच सांगावे. आज्ञावली लिहायला शिकवणे आपले काम नसेल. अर्थाची वाट दाखवणे निश्चितच आपले आहे.