व्युत्पत्ती ही मिरासीची सनद नव्हे

उत्तर कॉकेशसमधील झेलेंचुक नदीच्या खोऱ्यात १८८८ साली सापडलेला, ग्रीक लिपीत कोरलेला मध्ययुगीन समाधिलेख हा वस्तुतः भाषाशास्त्राच्या अभ्यासाचा विषय. परंतु आज तो दोन समाजांमधील वारसाहक्काच्या कज्ज्यातला दस्तऐवज होऊन बसला आहे. रशियन पंडित व्सेवोलोद मिलर यांनी त्याची भाषा प्राचीन ओसेती, म्हणजे इराणी कुलातील अलान लोकांची भाषा ठरविली, आणि तेच वाचन बहुसंख्य भाषाविदांना ग्राह्य वाटते. तथापि कराचाय व बाल्कार या तुर्कभाषी समाजांतील काही अभ्यासक त्याच अक्षरांतून तुर्की शब्द काढून अलानांचे खरे वारस आपणच, असे प्रतिपादन करतात. १९९४ साली उत्तर ओसेतियाने आपल्या नावालाच ‘अलानिया’ हे पद जोडले, आणि पंडितांचा वाद सरकारी दप्तरी दाखल झाला.

या अभिनिवेशामागील वेदना मी जाणतो. नोव्हेंबर १९४३ मध्ये कराचाय आणि मार्च १९४४ मध्ये बाल्कार लोकांना सोव्हिएत सत्तेने सरसकट मध्य आशियात हद्दपार केले, आणि बाल्कारांच्या प्रजासत्ताकाच्या नावातून काढून टाकलेला त्यांचा उल्लेख १९५७ साली परत आला. ज्यांचे नाव नकाशावरून पुसले गेले त्यांनी ते जुन्या शिळेवर शोधावे, हे स्वाभाविकच होय. पण ओसेती असोत वा बाल्कार, शब्दांच्या साक्षीवर भूमीची मिरास मागणे मला सर्वथा अनुचित वाटते. कारण शब्द रक्ताच्या नात्याने जितके येतात, तितकेच बाजाराच्या, लष्कराच्या आणि सोयरिकीच्या वाटेनेही येतात.

‘दागेस्तान’ हेच नाव घ्या. त्यातील ‘दाग’ हा तुर्की पर्वतवाचक शब्द, ‘स्तान’ हा फारसी, आपल्या ‘स्थान’ शब्दाचा सगोत्र. आणि त्या पर्वतांत राहणारे अवार, दार्गिन, लेझगिन लोक मात्र तुर्की बोलणारे नव्हेत की इराणी बोलणारे नव्हेत, त्यांच्या भाषांचे कूळच निराळे. कुमिक ही तुर्की भाषा तेथील बाजारपेठांत दीर्घकाळ सामायिक व्यवहारभाषा होती, म्हणून तिचे शब्द डोंगरी भाषांत रुजले. उलट ओसेती ही इराणी भाषा असूनही कंठद्वार मिटून झटक्याने उच्चारावयाचे स्फोटक वर्ण तिने कॉकेशियन शेजाऱ्यांकडून उचलले. वासिली अबायेव यांनी १९५८ ते १९८९ या काळात चार खंडांत प्रसिद्ध केलेल्या ओसेती व्युत्पत्तिकोशात शेजाऱ्यांशी झालेली अशी देवघेव शब्दागणिक नोंदलेली आहे. आपल्या कानांना अस्सल मराठी वाटणारे ‘एल्गार’, ‘कुमक’ आणि ‘चकमक’ हे शब्दही मूळ तुर्की, फारसीच्या द्वारे आलेले. बाकूमध्ये आजही मदतीला ‘कोमेक’ म्हणतात, पण तेवढ्यावरून सह्याद्रीवर कोणा तुर्काचा दावा शाबीत होत नाही.

५६४२ मीटर उंचीच्या एका पर्वताला ‘एल्ब्रुस’ हे इराणी मुळाचे, ‘मिंगी ताव’ हे बाल्कारांचे आणि ‘ओशखामाखो’ हे चेर्केसांचे, अशी तीन नावे आहेत. बाल्कारांच्या प्रजासत्ताकाची राजधानी नालचिक येथील शाळांतील भूगोलाच्या पुस्तकात ती तिन्ही एकाच पानावर, आपापल्या व्युत्पत्तीसह छापली जावीत. त्यांतील अगोदरचे कोणते, हा प्रश्न त्या पुस्तकाचा नव्हे.