मनगटावरचा पट्टा आणि गल्ल्याची चावी

अंबरनाथच्या शिवमंदिराची महाशिवरात्रीची जत्रा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिथली तिकिटाची पद्धत ठाऊक आहे. आकाशपाळण्यापाशी एक माणूस पेटी घेऊन बसतो. पैसे द्यायचे, रंगीत कागदाचा तुकडा घ्यायचा, पाळण्यात बसताना तो फाडला जातो. मौत का कुआँचे तिकीट वेगळे, ब्रेकडान्सचे वेगळे. बांगड्या, खेळणी, भांडी, मिठाई यांच्या दुकानांत रोख पैसे, नाही तर क्यूआर कोड. जितकी दुकाने तितके गल्ले. हाजी मलंगच्या उरुसातही हलवा-पराठ्याच्या दुकानापासून अत्तरवाल्यापर्यंत हीच रीत. रात्री जो तो आपला गल्ला मोजतो आणि त्याच पैशातून दुसऱ्या दिवशीचा माल भरतो.

मोठ्या करमणूक उद्यानांत मात्र ही रीत बदलत चालली आहे. तिथे तिकीट नाही, कार्ड नाही, खिशात पाकीटही नको. दारातच गिऱ्हाइकाच्या मनगटावर एक पट्टा बांधतात. आत जायचे असेल तर मनगट मशीनला लावा, पाळण्यात बसायचे असेल तर लावा, वडापाव घ्यायचा असेल तरी लावा. लोक त्याला बोलीत ‘बँड’ म्हणतात. हा श्रीमंतांच्या करमणुकीचा विषय, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु व्यापाराच्या दृष्टीने पाहिले तर आज उद्यानाच्या दारात जे घडते ते उद्या जत्रेच्या, मेळ्याच्या आणि प्रदर्शनाच्या दारात येऊ शकते. म्हणून आपल्या दुकानदारांनी आणि कारागिरांनी ही गोष्ट आताच समजून घेतली पाहिजे.

पट्ट्याच्या आत काय असते?

पट्ट्यात नखाएवढी चिप आणि तिच्याभोवती तारेचे बारीक वेटोळे असते. साध्या पट्ट्यात बॅटरी नसते. मशीनजवळ नेला की मशीनच्या लहरींतूनच चिपला तेवढ्यापुरती शक्ती मिळते आणि ती आपला क्रमांक सांगते. या पद्धतीला आरएफआयडी म्हणतात. बहुतेक ठिकाणी पैसे पट्ट्यात नसतातच. पट्ट्यात असतो तो फक्त क्रमांक, आणि त्या क्रमांकाचे खाते उद्यानाच्या संगणकात असते. पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

या पद्धतीचा बोलबाला झाला तो अमेरिकेतील फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमुळे. २०१३ साली तिथे ‘मॅजिकबँड’ आले. हॉटेलच्या खोलीचे कुलूप, उद्यानाचे दार, पाळण्याची राखीव वेळ आणि दुकानातील खरेदी, सर्व एका पट्ट्यावर. या संपूर्ण योजनेवर सुमारे १ अब्ज डॉलर खर्च झाल्याचे वृत्तपत्रांनी लिहिले. २०१७ मध्ये युनिव्हर्सल कंपनीने ऑरलँडो येथे ‘व्होल्कॅनो बे’ हे पाण्याचे उद्यान उघडले, तेव्हा प्रत्येकाला तसाच पट्टा दिला. पाण्याच्या उद्यानात तर याची सोय उघडच आहे. ओल्या कपड्यांत पाकीट कुठे ठेवणार आणि मोबाईल कुठे?

आपल्याकडे बदलापूर-कर्जत रस्त्यावरच्या रिसॉर्टमध्ये सहलीला गेलेल्यांनी मनगटावर रंगीत कागदी पट्टी चिकटवून घेतली असेल. तो या पट्ट्याचा साधा भाऊ. तो पैसे मोजत नाही, फक्त आत आलेला माणूस ओळखतो. आणि मनगटावरची ओळख आपल्या घरांना मुळीच नवी नाही. हज कमिटीकडून हाजींना मिळणारे स्टीलचे कडे अनेकांच्या घरी जपून ठेवलेले असते. हरवलेला म्हातारा माणूस त्या कड्यावरून आपल्या काफिल्यात परत येतो. २०१५ च्या मिना येथील दुर्घटनेनंतर सौदी सरकारने २०१६ मध्ये हाजींसाठी इलेक्ट्रॉनिक पट्ट्याची योजना जाहीर केली. पुढे २०२४ मध्ये सर्वांना सक्तीचे केले ते मात्र ‘नुसुक’ नावाचे कार्ड.

सांगावयाचे म्हणजे, पट्टा ही वस्तू चांगली की वाईट, हा प्रश्नच नाही. ओळखीसाठी आणि सुरक्षिततेसाठी तो उपयोगी आहे. प्रश्न उभा राहतो तो पट्टा पाकिटाची जागा घेतो तेव्हा.

मालक एवढा खर्च का करतो?

पहिले कारण म्हणजे रांग. सुटे पैसे शोधणे, नोट तपासणे, तिकीट फाडणे यात जाणारा वेळ वाचतो. दुसरे कारण चोरी. कागदी तिकीट पुन्हा विकता येते, गल्ल्यावरचा नोकर चार रुपये बाजूला ठेवू शकतो. पट्ट्यात प्रत्येक व्यवहाराची नोंद राहते. ही दोन्ही कारणे रास्त आहेत. प्रामाणिक व्यापाऱ्याने त्यांना नाव ठेवू नये.

तिसरे कारण मात्र फारसे बोलले जात नाही. हातातून नोट गेली की माणसाला टोचते, मनगट टेकवताना टोचत नाही. अमेरिकेतील ड्रॅझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या दोन प्राध्यापकांनी २००१ मध्ये याविषयी प्रयोग प्रसिद्ध केला होता. सामन्याच्या तिकिटांसाठी लोकांकडून बोली मागवल्या. काहींना रोख द्यायचे होते, काहींना क्रेडिट कार्डाने. कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या दुपटीपर्यंत गेली. तिकीट तेच, माणसे तशीच. बदलली होती ती फक्त पैसे देण्याची तऱ्हा. पट्टा ही त्याच वाटेवरची पुढची पायरी आहे. त्यातून मुलांच्याही मनगटाला पट्टा बांधला, तर बापाला संध्याकाळपर्यंत खर्चाचा अंदाज येत नाही.

दुकानदाराच्या पदरात काय?

आता आतल्या दुकानदाराकडे वळू. विक्री वाढते, सुट्ट्यांची कटकट नाही, नकली नोट नाही, उधारी नाही. मग तक्रार कसली?

आमच्या ओळखीचे एक चाचा खेळणी विकतात. त्यांनी मे महिन्याच्या सुट्टीत एका ठिकाणी आत दुकान घेतले होते. त्या ठिकाणाचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिथे सर्व खरेदी पट्ट्यावर होती. विक्री बाहेरच्यापेक्षा चांगली झाली. पण शंभर रुपयांच्या विक्रीतले वीस रुपये मालकाचे, मशीनचे भाडे वेगळे, आणि हिशेब मिळणार महिना संपल्यावर. चाचांचा माल उल्हासनगरच्या घाऊक बाजारातून येत होता आणि तिथे आठवड्याने पैसे द्यावे लागत. दुकानासमोर गिऱ्हाईक उभे, आणि चाचांच्या हातात माल भरायला पैसा नाही. अखेर त्यांनी नातेवाइकांकडून हातउसने घेतले. महिन्याच्या शेवटी हिशेब आला, त्यात तीन दिवसांची विक्री त्यांच्या वहीपेक्षा कमी होती. तक्रार केली तर उत्तर मिळाले की संगणकात जे आहे तेच खरे.

यात कोणी चोरी केली असे आम्ही म्हणत नाही. पण जत्रेत गल्ला चाचांचा असतो. इथे गल्ला मालकाचा होता आणि चाचा त्यात फक्त माल ओतत होते. फरक आहे तो इतकाच, आणि तो फार मोठा आहे.

काही जण म्हणतील, क्यूआर कोडही रोख नाही, मग त्याला हरकत का नाही? याचे उत्तर सरळ आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीत गिऱ्हाइकाचा पैसा त्याच्या बँकेतून दुकानदाराच्या खात्यात येतो. कोड दुकानदाराचा, खाते दुकानदाराचे. पट्ट्याचा पैसा आधी मालकाच्या खात्यात जातो, आणि तिथून केव्हा व किती सुटेल हे मालक ठरवतो. दोन्ही पद्धती दिसायला बिनरोखीच्या, पण गल्ल्याची चावी वेगवेगळ्या हातांत आहे.

कायद्याचीही एक बाजू आहे. एखाद्या संस्थेने दिलेला पट्टा किंवा कार्ड फक्त तिच्याच मालासाठी व सेवेसाठी चालत असेल आणि त्यातून रोख काढता येत नसेल, तर त्याला रिझर्व्ह बँकेच्या परवानगीची गरज नसते. परंतु तोच पट्टा दुसऱ्या स्वतंत्र दुकानदाराचे पैसे चुकते करण्यासाठी वापरायचा झाला, तर ते काम बँकेने किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या कंपनीने करायचे असते. म्हणून आत दुकान घेणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावा, की बिल कोणाच्या नावाने निघणार? बिल उद्यानाच्या नावाने निघत असेल, तर आपण तिथे दुकानदार नसून पुरवठादार किंवा ठेकेदार आहोत हे समजूनच दर ठरवावा.

उरलेल्या पैशाचा प्रश्न

गिऱ्हाइकाने पट्ट्यात हजार रुपये भरले आणि आठशेच खर्च केले, तर दोनशे कोणाचे? नीती सांगते, गिऱ्हाइकाचे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी परत मागण्याची मुदत ठरलेली असते, कुठे शुल्क कापले जाते, कुठे खिडकीवरची रांग पाहूनच माणूस निघून जातो. एकेकाचे चाळीस-पन्नास रुपये असतात, पण माणसे हजारो असतात. ज्या मालाबद्दल किंवा सेवेबद्दल ते दिलेलेच नाहीत, तो पैसा नफा नव्हे, ती अमानत आहे. आपल्यापैकी कोणी उद्या लहानसा पाळणा किंवा खेळघर चालवून अशी पद्धत आणली, तर उरलेला पैसा बाहेर पडताना गिऱ्हाइकाने न मागता परत करावा. बरकत त्यातच आहे, आणि गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत येते तेही त्यामुळेच.

कारागिरांसाठी काम

या धंद्याची दुसरी बाजू कामाची आहे. पट्टे कोणी तरी बनवावे लागतात. चिपचे पट्टे बाहेर देशांतून, विशेषतः चीनमधून, मोठ्या संख्येने येतात. त्या स्पर्धेत एकदम उडी घेणे शहाणपणाचे नाही. पण चिप नसलेल्या पट्ट्यांची गरज लग्नाच्या हॉलपासून क्रीडास्पर्धांपर्यंत आहे. टायव्हेक नावाच्या, कागदासारख्या दिसणाऱ्या पण सहज न फाटणाऱ्या तावाची पट्टी कापायची, त्यावर क्रमांक छापायचा, एका टोकाला गोंद लावायचा आणि त्या टोकाला बारीक काप द्यायचे. कापांमुळे पट्टी काढू गेले की ती तिथेच फाटते आणि दुसऱ्याला बांधता येत नाही. दुसरा प्रकार विणलेल्या फितीचा. तिला एकदा ओढली की मागे न सरकणारी कडी लावतात.

उल्हासनगरात तयार कपड्यांच्या धंद्यामुळे लेबल, फीत, बटणे आणि छपाई यांची कामे जाणणारे हात आहेत. त्यांना हे काम अवघड नाही. मात्र क्रमांक दोनदा छापला गेला तर सारा माल परत येतो, हे ध्यानात ठेवावे. शिवाय उद्यम नोंदणी आधी करून घ्यावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास कायदा व्याजही देतो. ते घ्यावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण वेळेवर मुद्दल मागणे हा निर्विवाद हक्क आहे. शिवाय फार मोठे भांडवल यात अडकवू नये. डिस्नेनेच २०२१ पासून राहणाऱ्या पाहुण्यांना फुकट पट्टे देणे बंद केले आणि त्याच वर्षी मोबाईलवर तीच सोय दिली. आजचा पट्टा उद्या जुना होईल.

आता काय करावे?

आत दुकान घेण्यापूर्वी पाच गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. पैसे किती दिवसांनी मिळणार, कपात किती, बिल कोणाच्या नावे, रोजच्या रोज विक्रीचा छापील हिशेब मिळणार की नाही, आणि मशीन बंद पडले तर रोख किंवा आपला क्यूआर कोड चालणार की नाही. एकट्या दुकानदाराला हे मागणे जड जाते. दहा जणांनी मिळून मागितले तर मालक ऐकतो, कारण दुकानांवाचून उद्यान ओस पडते.

जत्रेच्या बाबतीतही तेच. उद्या कोणी आयोजक म्हणाला की पाळण्यांसाठी पट्टा आणू, तर खुशाल आणावा. मुले हरवणार नाहीत, रांगा कमी होतील. दुकानांसाठी मात्र प्रत्येकाचा गल्ला प्रत्येकाकडेच राहू द्यावा, असे दुकानदारांनी एकमुखाने सांगावे. पट्टा गिऱ्हाइकाच्या मनगटाला बांधलेला असतो. बेसावध राहिलो, तर त्यात आपला हात बांधला जाईल.