विश्लेषण : साहेबांची बदली झाली, मेलबॉक्सचा पासवर्ड कुणाकडे?

इंदापूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी सरकारी कार्यालयाचा ई-मेल बहुधा पदाच्या नावाने असतो. अधिकारी बदलतो, पत्ता तोच. तक्रारी, निविदा, आधारच्या प्रती सगळे एकाच इनबॉक्समध्ये. त्याचा पासवर्ड चौघांना माहीत असेल, तर शेतकऱ्याचा अर्ज कोणी वाचला आणि कोणी डिलीट केला, हे सांगता येत नाही.

पासवर्ड न देता काम कसे चालेल?

फोल्डर शेअर करून. आउटलुकमध्ये ‘रिव्ह्यूअर’ फक्त वाचू शकतो. ‘एडिटर’ बदलू आणि काढूही शकतो. ‘ओनर’ इतरांना परवानगी देतो. आवक-जावक पाहणाऱ्या लिपिकाला एडिटर, बाकीच्यांना रिव्ह्यूअर पुरे. जीमेलच्या डेलिगेशनमध्ये ही सोय नाही; मेलबॉक्स दिला की पूर्ण दिला, पासवर्ड मात्र बदलता येत नाही.

गोची कुठे होते?

उपफोल्डरमध्ये. आउटलुकमध्ये उपफोल्डर तयार होताना वरच्या फोल्डरची परवानगी उचलतो, नंतर वर केलेला बदल खाली आपोआप उतरत नाही. त्यामुळे बदलून गेलेल्या लिपिकाचे नाव इनबॉक्सवरून काढले, तरी आतल्या ‘निविदा’ फोल्डरवर ते राहू शकते. कार्यभार सोपवताना कपाटाच्या किल्ल्या मोजून घेतात. ही यादी मात्र क्वचितच कोणी तपासते.

कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत प्रवेशावर नियंत्रण आणि वर्षभर लॉग जपणे आले आहे.